सुईला न बधणाऱ्या

भूल देणाऱ्या डॉक्टरचं नाव पेशंटला कधीच आठवत नाही. पेढे सर्जनला मिळतात. शिव्याही त्याच्या एकट्याच्याच वाट्याला आल्या असत्या तर माझी काही तक्रार नव्हती, पण शिव्यांची वाटणी मात्र सारखी होते. मी नवी मुंबईतली फिरती भूलतज्ज्ञ. माझं स्वतःचं हॉस्पिटल नाही, कुठे नोकरी नाही. गाडीच्या डिकीत औषधांची पेटी ठेवायची आणि फोन वाजला की निघायचं. सकाळी सीवूड्सला हर्निया, दुपारी कामोठ्याला सिझर, संध्याकाळी करंजाड्याला कुणाचा तरी मोडलेला हात. फोन सर्जन करतो. सर्जन रुसला की फोन वाजायचा बंद होतो. त्यामुळे या कामात बहुतेकांना मान डोलवायची सवय लागते. मला ती लागली नाही. लग्न मोडण्यापासून केस पिकण्यापर्यंत सगळं त्यामुळेच झालं, असं माझ्या आईचं म्हणणं आहे.

माझे निम्मे फोन कामोठ्याच्या डॉ. उदयसिंहांकडून यायचे. माणूस वाईट नाही. हात तर असा साफ, की टाके बघून दुसरे सर्जन विचारतात कुणी घातले. पण समोरच्याचं म्हणणं पूर्ण ऐकून घेणं त्यांना आयुष्यात जमलेलं नाही. तुमचं वाक्य अर्ध्यात असतं तेव्हा त्यांचं उत्तर देऊन झालेलं असतं.

त्या गुरुवारी त्यांच्या नर्सिंग होममध्ये मुहूर्ताचं सिझर होतं. हल्ली हे फार झालंय. बाळाची कुंडली आधी तयार होते आणि बाळ मागाहून येतं. पेशंटचं नाव राजश्री. मूळची साताऱ्याकडची, माण तालुक्यातली. लग्न होऊन कामोठ्यात आली आणि बायकांना स्कूटर शिकवण्याचा क्लास काढून बसली. पोटातलं बाळ पायाळू होतं, म्हणजे डोकं वर आणि पाय खाली, म्हणून सिझर ठरलेलं. नवरा यशराज वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये मुकादम. आणि सासू राहीबाई, जी राजश्रीची सख्खी आत्याही होती. भावाची मुलगी सून करून आणलेली. मुहूर्त राहीबाईंनी गावच्या गुरुजींकडून काढून आणला होता आणि त्या बाकावर अशा बसल्या होत्या, की गुरुजींनी त्यांना घड्याळावर पहारा द्यायला बसवलंय असं वाटावं.

"काही खाल्लंस का सकाळपासून?" मी राजश्रीला विचारलं.

"नाय मॅडम. रात्रीपासून काहीच नाय."

"आधी कधी कुठलं ऑपरेशन?"

"फक्त दाढ काढली होती. आणि मॅडम, ऐका ना, तेव्हा इंजेक्शन दिलं तरी मला सगळं कळत होतं. डेंटिस्ट बोलला, तू नाटक करतेस."

"इंजेक्शन जागेवर बसलं नसेल," डॉ. उदयसिंह हात धुताधुता म्हणाले. "होतं तसं. चला, चला."

तिला टेबलावर बसवलं, पाठ वाकवायला लावली आणि पाठीच्या कण्यात इंजेक्शन दिलं. सुईतून पाण्यासारखं स्वच्छ द्रव थेंबथेंब आलं, म्हणजे सुई हवी तिथेच होती. औषध गेलं. तिला उताणी झोपवलं. एरवी एवढ्यात पेशंट म्हणते, पाय गरम झाले, जड झाले, माझे नाहीतच असं वाटतंय. राजश्री छताकडे बघत पडली होती.

"पाय कसे वाटतात?"

"पायांसारखे."

मी स्पिरिटचा बोळा मांडीवर फिरवला. "गार," ती म्हणाली. पोटावर फिरवला. "गार." पाय उचलायला सांगितला, तर तिने तो असा उचलला, की सिस्टर मोनालीच्या हातातला ट्रे पडता पडता वाचला. थोडं थांबलो. अजून थांबलो. मग नवं खोकं फोडून, मणक्याची जागा बदलून दुसऱ्यांदा इंजेक्शन दिलं. पुन्हा स्वच्छ थेंब आणि पुन्हा वाट बघणं. पुन्हा गार ते गारच. मी खूप वर्षं हे काम करते आहे. इंजेक्शन अर्धवट लागलेलं पाहिलंय, एका बाजूला लागलेलं पाहिलंय. पण दोनदा जागेवर बसूनही काडीचाही परिणाम नाही, असं मी पाहिलं नव्हतं.

बाहेरून दारावर टकटक झाली. "डाक्टर, येळ जवळ आली!" राहीबाईंचा आवाज.

"ही घाबरली आहे," डॉ. उदयसिंह म्हणाले. "हात लावलेला कळतो, दुखत नाही. सगळ्याच असं म्हणतात. मी सुरू करतो."

त्यांनी चिमट्याने तिच्या पोटाची कातडी दाबली.

"ओ डॉक्टर!" राजश्री ओरडली. "चिमटा काय काढताय!"

"बघा. हल्लीच्या पोरींत सोसायची ताकदच नाही." आणि त्यांनी सिस्टरकडे चाकूसाठी हात पुढे केला.

"मोनाली, देऊ नकोस," मी म्हणाले.

ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जनने हात पुढे केला की त्यात काहीतरी पडतंच. तो हात रिकामा राहिलेला मी पहिल्यांदा पाहिला. मोनालीने चाकू ट्रेमध्ये ठेवला आणि ट्रे स्वतःच्या पोटाशी धरला. पोरगी नवी होती, पण बाजू कुणाची घ्यायची हे तिला कळलं.

"मॅडम, काय चाललंय हे?"

"तिला चिमटा कुठला आणि स्पर्श कुठला ते नीट कळतंय, सर. ती बधिर झालेली नाही. तुम्ही जागी बाई कापायला निघालात."

"मग थोडं झोपेचं इंजेक्शन द्या. अर्धवट गुंगीत असेल तरी मी बाळ काढतो. एकदा बाळ आलं की पुढचं बघू."

हा उपाय मला माहीत नव्हता असं नाही. गळ्यात नळी न घालता गुंगी द्यायची, बाई थोडं कण्हते, थोडं विसरते, आणि नंतर तिला सांगायचं की तुला स्वप्न पडलं असेल. पुष्कळ ठिकाणी होतं. मी मुद्दामच राजश्रीच्या कानाशी वाकले. "परत एकदा सांग. पोटात काही गेलंय आज? पाणी, चहा, काहीही?"

"नाय हो." मग तिचा चेहरा जरा पडला. "निघताना आत्यानं दही-साखर दिली तेवढी."

"चमचाभर?"

"वाटीभर. ती म्हणली, दोघांचा शकुन आहे, एका चमच्यानं कसं व्हायचं."

"अगं, मी मघाशी विचारलं तेव्हा नाही का सांगायचंस?"

"ते खाणं थोडीच आहे मॅडम? ते शकुनाचं."

आता काय बोलणार! आम्ही पेशंटला सांगतो काही खाऊ नका, आणि पेशंट इमानेइतबारे खात नाही. प्रसाद, तीर्थ, दही-साखर ही खाण्यात धरायची असते हे आम्ही कुठे सांगतो? पण पोटाला शकुन कळत नाही, त्याला फक्त वाटीभर दही कळतं. भरल्या पोटी गुंगी दिली आणि उलटी फुप्फुसात गेली तर आई जागच्या जागी जायची. पूर्ण भूल देऊन गळ्यात नळी घालायची तरी पोट रिकामं झालेलं बरं. बाळाचे ठोके उत्तम होते, कळा नव्हत्या. घाई फक्त गुरुजींना होती.

"दुपारपर्यंत थांबू," मी म्हणाले. "मग पूर्ण भूल देते."

"दुपारी माझी ओपीडी आहे. आणि त्या लोकांना काय सांगू? मुहूर्त माझ्या भूलवाल्या मॅडमनी घालवला?" त्यांचा आवाज चढला. "तुम्हाला जमत नसेल तर मी दुसऱ्याला बोलावतो."

"बोलवा. पण फोन इथे माझ्यासमोर करा, आणि त्याला आधीच सांगा की दोन इंजेक्शनं देऊन बाई पाय झाडते आहे आणि पोटात वाटीभर दही आहे. एवढं ऐकून जो येईल त्याच्या हातात मी पेटी देते."

त्यांनी कोपऱ्यातल्या फोनकडे पाहिलं, पण कुणाला लावायला सांगितला नाही. मला धीर आला असं नाही. निम्मे फोन या एका माणसाकडून येतात हे माझ्या डोक्यात होतंच. आईचं म्हणणंही होतं. पण त्या मुलीच्या पोटावर चिमट्याचा लाल वळ दिसत होता, आणि तो बघून माझं डोकं फिरलं होतं.

तेवढ्यात एक जुनी गोष्ट आठवली. आमच्या परीक्षेच्या जाडजूड पुस्तकांत ती नाही, पण आपल्याकडच्याच काही डॉक्टरांनी अशा केसेस छापलेल्या मी वाचल्या होत्या. वाचून हसलेही होते.

"राजश्री, तुला कधी विंचू चावलाय?"

डॉ. उदयसिंहांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू भुलीचं औषध मीच ओढलंय.

"कधी म्हणजे?" राजश्री म्हणाली. "मोजलं कुणी? आमच्याकडं गडग्याचा दगड उचलला की विंचू. शेणीच्या ढिगात विंचू. शाळेच्या दप्तरात पण निघाला होता एकदा. पहिल्यांदा रात्रभर रडले. नंतर नंतर काय वाटायचं पण नाय."

मी पैज लावून सांगू शकत नाही. काही म्हणतात वारंवार विंचू चावलेल्यांवर बधिर करण्याची औषधं चालत नाहीत, काही म्हणतात हे रक्तातच असतं, काही दोन्हीला हसतात. पण कारण काहीही असो, समोरची बाई खोटं बोलत नव्हती. त्या घडीला मला एवढंच पुरेसं होतं. मी डॉ. उदयसिंहांना ते सांगायला लागले आणि सवयीप्रमाणे त्यांनी मध्येच तोडलं.

"विंचू! आता तेवढंच राहिलं होतं. ऐका, इंजेक्शन चढलंय. थोडं उशिरा चढलं असेल. ही भीतीने..."

"माझ्याबद्दल बोलताय ना?" राजश्री म्हणाली. "मग मला विचारा ना कुणीतरी. मी उठते."

"वेडी आहेस का? पाठीत दोन इंजेक्शनं गेलीत, पाय लुळे पडलेत तुझे, पडशील!"

"लुळे पडलेत ना? मग मला उठता कसं येईल?"

आणि ती उठून बसली.

ऑपरेशनच्या टेबलावरून पेशंटला चालत बाहेर नेणं कुठल्याही नियमात बसत नाही. मी तिचं बीपी पाहिलं, पाय पुन्हा तपासले, एका बाजूने तिला घट्ट धरलं. दुसऱ्या बाजूला मोनाली सलाइनची बाटली उंच धरून उभी राहिली. राजश्रीने एक पाय जमिनीवर टेकला, मग दुसरा. हिरवा गाऊन, नऊ महिन्यांचं पोट, डोक्यावर कागदी टोपी. स्कूटरच्या क्लासला बायकांना शिकवते तशीच ताठ मानेने ती चालत निघाली. डॉ. उदयसिंह हातमोजे घातलेले दोन्ही हात वर धरून बघत राहिले.

बाहेर यशराज मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. तो ताडकन उठला. राहीबाईंनी आधी सुनेच्या पोटाकडे पाहिलं, मग आमच्या रिकाम्या हातांकडे.

"पोरगं कुठाय?"

"पोटातच आहे, आत्या. मला कापू देणार नाय मी. इंजेक्शन लागलं नाय. सगळं कळतंय."

"आगं, कळतंयच की! कळनार न्हाय तर काय! बाईच्या जातीला सोसावंच लागतंय. मी न्हाय सोसलं व्हय? यशराजच्या पाठीवर पोरं बंद व्हायचं ऑपरेशन केलं, माहेरी तालुक्याला शाळेत कँप व्हता. दात आवळून पडले. मुहूर्त चाललाय, जा आत!"

मला आधी रागच आला. मग त्यांचं वाक्य डोक्यात शिरलं.

"राहीबाई, थांबा. कँपमध्ये इंजेक्शन दिलं नव्हतं?"

"दिलं की, पोटात. चांगली दाभनाएवढी सुई."

"आणि तरी कापलेलं कळलं?"

"कळतंच की बाय. कातडं हाय ते, गोनपाट हाय का?"

"तुम्हालाही विंचू चावायचे लहानपणी?"

"तिचं नि माझं घर एकच. गडगा त्योच, विंचूबी तेच."

"नाही कळत, राहीबाई," मी म्हणाले. "इंजेक्शन दिल्यावर कापलेलं कुणालाच कळत नाही. त्यासाठीच तर ते देतात."

त्या हसल्या. मी लहान मूल असल्यासारखं हसल्या. "तुमी डाक्टर हाय, तुमाला कुनी कापलंय व्हय कधी? सगळ्यास्नी कळतं."

बोलून उपयोग नव्हता. मी राजश्रीला बाकावर बसवलं आणि आतून औषधाची बाटली आणली, दाताला मारतात तेच साधं बधिर करायचं औषध. हेही नियमात बसत नाही, मला ठाऊक आहे. राहीबाईंना विचारलं, या आधी कधी औषधाची रिअॅक्शन आली होती का? त्यांनी उत्तर न देता काकणं वर सारून हात पुढे केला. "टोच. काय बघायचं ते बघ."

त्यांच्या हातावर कातडीखाली थोडं औषध सोडलं. मग यशराजला म्हणाले, तुझाही हात दे. तो आईकडे बघून मुकाट्याने बाही दुमडायला लागला. त्यालाही तेवढंच औषध दिलं. हा जन्मला कामोठ्यात, वाढला कामोठ्यात, त्याने विंचू फक्त टीव्हीत पाहिलेला. जरा वेळ गेल्यावर मी नवी सुई काढून राहीबाईंच्या हाताला टोचली.

"टोचतंय की," त्या म्हणाल्या. परत टोचली. "टोचतंय. म्हनलं व्हतं न्हवं?" जिंकल्यासारखं त्यांनी आजूबाजूला पाहिलं.

"आता यशराज. तिकडे बघ, पंख्याकडे. टोचलं की सांग."

तो पंख्याकडे बघत राहिला. मी टोचत राहिले.

"टोचा ना मॅडम," थोड्या वेळाने तो म्हणाला. "टेन्शन येतंय."

राहीबाईंच्या कपाळावर आठी पडली. "खोटं बोलतोस व्हय रं?" त्यांनी माझ्याकडे हात केला आणि मी दुसरी नवी सुई त्यांच्या बोटांत दिली. त्यांनी पोराच्या हाताला सुई लावली. आधी हळू, मग जरा जोरात. रक्ताचा बारीक ठिपका आला. यशराज अजून पंख्याकडेच बघत होता.

"आये, टोचतेस का नाय?"

राहीबाईंनी सुई काढून घेतली. त्या रक्ताच्या ठिपक्याकडे त्या बघत राहिल्या. मग स्वतःच्या हाताकडे. तिथेही तसाच ठिपका होता.

"ह्याला खरंच कळंना?"

"नाही कळत."

"आन् बाकीच्यास्नी? कँपातल्या बायकास्नी?"

"त्यांनाही नसेल कळलं. फारतर हात लागलेला कळला असेल."

त्या बाकावर राजश्रीच्या शेजारी बसल्या, आणि आतापर्यंत ज्या घड्याळावर त्यांचा डोळा होता तिकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

दार उघडून डॉ. उदयसिंह आले. "आजी, आता तुम्हीच समजवा सुनेला. मुहूर्त निघून चाललाय."

"मुहूर्त गेला उडत." राहीबाई उठल्या आणि सुनेच्या पुढे उभ्या राहिल्या. त्यांची उंची राजश्रीच्या खांद्याएवढी असेल, पण तेवढ्यानेच सगळं दार अडलं. "माझ्या पोरीला हात लावायचा न्हाय. ही डाक्टरीन सांगंल तवा, सांगंल तसं."

"दुपारी राहूकाळ लागतो म्हणे तुमचा. नंतर मला बोल लावू नका."

"राहूचं मी बघते."

ओपीडी पुढे ढकलली गेली. आत हातमोजे काढताना डॉक्टर मला म्हणाले, "यापुढे तुम्हाला बोलवायचं का याचा मला विचार करावा लागेल."

"करा, सर. तुमचा फोन आहे. आजची पेशंट मात्र माझी आहे."

एवढं तोऱ्यात बोलले खरी, पण दुपारी तिला पुन्हा टेबलावर घेतलं तेव्हा मी नळीचं सगळं सामान दोनदा तपासलं. भरल्या दिवसांच्या बाईला पूर्ण भूल देणं हे सोपं काम नाही. गळा सुजलेला असतो, श्वास पटकन संपतो, नळी पहिल्या झटक्यात गेली नाही तर आई आणि बाळ दोघांचे हाल. मला भीती वाटत होती, आणि ती लपवण्याएवढी मी अजून मुरलेली नाही.

"मॅडम," तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असतानाच राजश्री म्हणाली, "कापताना कळणार नाय ना?"

"नाही."

"शप्पथ?"

"शप्पथ."

ती झोपली. पोटातलं वर येऊ नये म्हणून मोनालीने मी सांगितलं तसा गळा बाहेरून दाबून धरला, मला आत स्वरयंत्र दिसलं आणि नळी सरळ गेली. "सर, घ्या," मी म्हणाले. आणि मग त्या माणसाचे हात असे चालले, की सकाळचा सगळा राग मी त्या वेळापुरता बाजूला ठेवला. आधी दोन इवले पाय आले, मग पाठ, मग डोकं. मग मुलगी अशी रडली, की बाहेर राहीबाईंनी ऐकलं आणि दारावर थाप मारली. जखमेभोवती बधिर करायचं औषध आम्ही एरवी देतो. हिला त्याचा उपयोग नव्हता, म्हणून दुखणं थांबवायची दुसरी औषधं शिरेतून चालू केली आणि केसपेपरवर लाल पेनने मोठ्या अक्षरांत लिहिलं, की बधिर करायची औषधं हिला लागत नाहीत, म्हणजे पुढचा कुणी तिला नाटकी म्हणणार नाही.

राजश्री पूर्ण शुद्धीवर आल्यावर मी खोलीत गेले. पोरगी कुशीत होती. राहीबाई पलंगाला चिकटून बसल्या होत्या. नातीकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"कायबी न्हाय कळलं?"

"नाय गं आत्या. डोळे मिटले, उघडले, तर ही झालेली."

"सुरी फिरलेली?"

"नाय."

"वढलेलं?"

"नाय म्हटलं ना."

त्या मान हलवायच्या, जरा थांबायच्या आणि पुन्हा तेच विचारायच्या. राजश्रीने माझ्याकडे पाहिलं. मी तिला डोळ्यांनीच म्हटलं, विचारू दे.

मग डॉ. उदयसिंह राउंडला आले. पोट तपासलं, टाके पाहिले, खूश झाले. "एकदम मस्त. आजी, लक्ष्मी आली घरात." आणि पाठ वळवली.

"डाक्टर, बसा."

"आजी, खाली ओपीडी तुंबलीय."

"बसा म्हनलं."

ते दाराकडे आले. मी दार लोटलं आणि त्याला पाठ लावून उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाजूला झाले नाही. शेवटी ते स्टुलावर बसले.

राहीबाईंनी पदर डोक्यावरून नीट घेतला आणि सांगायला लागल्या. आवाज चढवला नाही. "शाळेत बाकं जोडून बायका निजवल्या व्हत्या. माजा नंबर आला. सुई टोचली नि लगीच सुरी लावली. मी वरडले. एका बाईनं माज्या तोंडावर हात दाबला. डाक्टर म्हनला, गप, बाकीच्या घाबरत्याल. मग मी न्हाय वरडले. पार शेवटापातुर न्हाय. आन् मग शेजारच्या बाकावरल्या बायका उठल्या तर हसत व्हत्या, डाक्टर. एक म्हनली, मला तर डुलकी लागली. मला वाटलं, ह्या वाघिनी हायत. मीच भित्री. एवढं समद्यांनी सोसलं नि मीच तेवढी वरडले."

राजश्रीने त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवला नाही, पण डोळे डॉक्टरांवरच होते.

"कुनाला सांगितलं न्हाय. नवऱ्याला न्हाय, आईला न्हाय. लाज वाटायची. घरात कुनी बाई कन्हली की मी अंगावर जायची, सोस म्हनायची. आपल्यासारखी भित्री निघू नये म्हनून. ह्या पोरीलाबी आज तेच म्हनले. आता तुमी शिकलेलं मानूस हाय. तुमी सांगा. मी भित्री व्हते का?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर माझ्याकडे मागितलं नव्हतं.

"नाही, आजी," ते हळूच म्हणाले.

"मोठ्यानं सांगा. यशराज भायेर बसलाय. ऐकू जाऊ दे त्याला."

डॉ. उदयसिंह स्टुलावरून उठले. या माणसाने आज पहिल्यांदाच कुणाचं तरी बोलणं शेवटपर्यंत ऐकलं होतं, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. घसा खाकरून, बाहेरच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "नाही, राहीबाई. तुम्ही भित्र्या नव्हता."

राहीबाईंनी डोळे पुसले नाहीत.

"परत एकदा," त्या म्हणाल्या.